गहिनीनाथांच्या माळावर आलेला बाज

नगरच्या सावेडीत पाइपलाइन रोडवर यशोधरा भिंगारदिवेचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायची खुर्ची, काचा घासायचं यंत्र आणि काउंटर, एवढ्यात तिचा आठवडा सरतो. रविवार मात्र तिने कधी कुणाला दिला नाही. उजाडायच्या आत ती स्कूटर काढते, गळ्यात दुर्बीण अडकवते आणि पक्षी बघायला शहराबाहेरच्या माळांवर निघून जाते. नातेवाइकांनी आधी नावं ठेवली, मग थट्टा केली. शेवटी रविवारचं लग्न असलं की 'यशोधरा जेवायच्या वेळेला येईल' असं त्यांनी आपसातच ठरवून टाकलं.

या रविवारांना तिच्या मागे बसायची शुभांगी बोरुडे. शुभांगी कॉलेजात इतिहास शिकवायची. नंबर वाढला म्हणून दुकानात आली, भिंतीवरचा धाविक पक्ष्याचा फोटो बघून "हा आपल्या नगरचा?" म्हणाली, आणि पुढच्याच रविवारी स्कूटरवर बसली. त्याला आता बरीच वर्षं झाली. यशोधराची आई गेली तेव्हा शुभांगी आठवडाभर तिच्या घरी राहिली होती. स्वयंपाकही तिनेच केला आणि आल्यागेल्याला चहाही तिनेच दिला. यशोधराला सख्खी बहीण नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "आहे की, फक्त आडनाव वेगळं आहे."

कर्जतच्या रस्त्याला एका वाडीजवळ गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याचा मोठा माळ आहे. उन्हाळ्यात जनावरांना लागेल म्हणून तो तिथलं गवत राखून ठेवायचा. पूर्वी लांडग्यांचे फोटो काढायला जीप घेऊन आलेल्या लोकांनी ते गवत तुडवलं होतं आणि त्यांच्या चाकाखाली शेळीचं एक करडू सापडलं होतं. तेव्हापासून कॅमेरेवाला दिसला की गहिनीनाथ काठी घेऊनच पुढे यायचा. यशोधरानेही दोनदा त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मग एकदा त्याची बायको चांगुणा सुईत दोरा ओवायला धडपडताना तिने पाहिली. तिने चांगुणाबाईला नगरला बोलावून घेतलं, डोळे तपासले आणि चष्मा करून दिला. त्यानंतर गहिनीनाथ जरा निवळला.

"तुमी या ताई," तो म्हणाला, "पन पायी या. आन् हितला पत्ता कुनाला द्यायचा न्हाई."

"शब्द देते, भाऊ."

पुढे शुभांगीसाठी तिनेच गळ घातली. "माझ्या बहिणीसारखी आहे. तिची जबाबदारी माझी." गहिनीनाथने मान हलवली होती, पण नाखुशीनेच.

जानेवारीत एका रविवारी शुभांगी पुतणीच्या साखरपुड्याला गेली होती, म्हणून यशोधरा एकटीच माळावर आली. ऊन नुकतं वर येत होतं. बांधापलीकडे एक मोठा शिकारी पक्षी हवेत एकाच जागी पंख मारत थांबला होता. असा थांबणारा दुसराही एक बाज दर हिवाळ्यात इकडे येतो, त्यामुळे तिने आधी मनावर घेतलं नाही. मग पक्षी वळला आणि त्याची शेपटी उघडली. त्या नेहमीच्या बाजासारखी ती तांबूस नव्हती. पांढरीशुभ्र होती आणि टोकाला काळा पट्टा होता. पोटावर काळा डाग. पक्षी खाली उतरून दगडावर बसला तेव्हा तिने दुर्बिणीतून पाय पाहिले आणि तिचे हातच कापायला लागले. पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं होती, लोकरीचे मोजे घातल्यासारखी.

रफ-लेग्ड बझर्ड. पार उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातला पक्षी. थंडीत खाली सरकला तरी आपल्याकडे हिमालयाच्या आसपास क्वचित कुणाला दिसायचा. तो इथे, कर्जतच्या रस्त्याला, कुसळांच्या माळावर उंदीर पकडत होता!

तिने कॅमेऱ्याने फोटो काढले आणि त्यांतला एकच, पक्षी हवेत असतानाचा, एकाच माणसाला पाठवला. शुभांगीचा लगेच फोन आला. "अगं, मी इथे साड्यांच्या घोळक्यात उभी आहे आणि मला ओरडावंसं वाटतंय!"

पुढच्या रविवारी दोघी गेल्या. पक्षी तिथेच होता. दोघी बांधाआड पालथ्या पडून दुपारपर्यंत त्याला बघत राहिल्या. शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना यशोधरा म्हणाली, "तो परत जाईपर्यंत कुठेच टाकायचं नाही. गेल्यावर दोघींच्या नावाने नोंद करू. गावाचं नाव तेव्हाही नाही."

"हे काय सांगायला हवं का मला?" शुभांगी म्हणाली.

मधले काही दिवस बरे गेले. गुरुवारी यशोधरा एका आजोबांचे डोळे तपासत होती, आणि काउंटरवरचा मोबाईल थरथरायचा थांबेना. आजोबा म्हणाले, "बघ पोरी, घरचं काही असंल." तिने पाहिलं. राज्यभरच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर बाजाचा फोटो होता. पायाखालचा तो दगडही तिने ओळखला. खाली लिहिलं होतं, 'महाराष्ट्रात अत्यंत दुर्मीळ! शोध: प्रा. शुभांगी बोरुडे.' त्याखाली माळाचं लोकेशन. आणि त्याखाली अभिनंदनाची रांग.

यशोधराला वाटलं, काहीतरी चूक झाली असेल. कुणीतरी शुभांगीचा फोन हाताळला असेल. तिने फोन लावला. तो वाजत राहिला. परत लावला, तर कट झाला. आजोबांना तिने कोणता नंबर सांगितला ते तिला आठवेना. त्यांना पुन्हा खुर्चीत बसवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून ती माळावर गेली. वाडीच्या रस्त्यापासूनच गाड्या लागल्या होत्या, पुण्याच्या, नाशिकच्या, मुंबईच्या. गवतातून चाकांच्या वाटा पडल्या होत्या. एकाने काठीला पांढरा उंदीर दोरीने बांधून ठेवला होता, म्हणजे पक्षी जवळ येईल. आणि या सगळ्यांच्या मधोमध नवी टोपी घालून शुभांगी उभी होती. एकजण तिला विचारत होता, "मॅडम, पहिल्यांदा दिसला तेव्हा नेमकं काय वाटलं?" शुभांगी सांगत होती, "शेपटी उघडली ना, तेव्हा माझे हातच कापायला लागले."

यशोधराने तिच्या दंडाला धरून तिला बाजूला घेतलं.

"हे काय आहे?"

"मी तुला सांगणारच होते."

"कधी?"

"पुण्याच्या एकांना मी नुसता फोटो दाखवला. मग ते मागेच लागले. आणि किती दिवस लपवायचं? पक्षी काय आपल्या बापाचा आहे?"

"पहिल्यांदा तुला दिसला?"

शुभांगीने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "इतकी वर्षं मी तुझ्या मागे बसते, यशोधरा. पक्षी तू शोधायचा, नाव तू सांगायचं, आणि माझं नाव कुठे, तर शेवटी, 'सोबत' म्हणून. एकदा माझं पुढे आलं तर तुझं काय गेलं?"

"नाव मागितलं असतंस तर दिलं असतं," यशोधरा म्हणाली. "सगळंच दिलं असतं. पण हा माळ माझा नव्हता. मी शब्द देऊन आणलं होतं तुला."

शुभांगी काही बोलणार तेवढ्यात कुणीतरी ड्रोन सोडला. त्या घरघरीने बाज दगडावरून उठला. दोन घिरट्या घेतल्या, वर गेला, आणखी वर गेला आणि उत्तरेकडे निघाला. लोक गाड्यांकडे धावले. पण तो दिसेनासा झाला, आणि पुन्हा कुणालाच दिसला नाही.

गहिनीनाथ बांधावर उभा होता. आज त्याच्या हातात काठी नव्हती. यशोधरा त्याच्याजवळ गेली.

"भाऊ, मी नाही सांगितलं कुणाला."

"मंग कोनी?" त्याने शुभांगीकडे बोट केलं. "त्या बाईला कोनी आनलं हितं? म्या? तुमीच म्हनला हुता, भनीसारखी हाय म्हून."

"हो. माझीच चूक."

"ताई, त्या जीपवाल्यांचा राग आल्ता, पन तो निस्ता राग हुता. त्यांनी काय मला शबुद दिल्ता व्हय? तुमी दिल्ता." एवढं बोलून तो पाठ फिरवून घराकडे गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर यशोधराला सोसल्या असत्या.

पुढच्याच आठवड्यात त्याने वाडीतल्या सगळ्यांच्या शेळ्या-मेंढ्या माळावर सोडल्या. उन्हाळ्याचं गवत जानेवारीतच संपलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माळच मोकळा केला तर कोन कशाला येतंय?" धाविक, चंडोल, सगळेच उठून गेले.

फेब्रुवारीत शुभांगीचा फोन आला. दुर्मीळ नोंदी तपासणाऱ्या जाणकारांना पायांवरची पिसं स्पष्ट दिसतील असे फोटो हवे होते. शुभांगीच्या फोटोंत दगडापुढच्या गवताने पाय झाकले होते.

"तुझ्याकडे पहिल्या दिवसाचे आहेत ना?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "दोघींचं नाव घालते. तुझं आधी."

नाही म्हणावं असं यशोधराला फार वाटलं. नोंद फेटाळली जाईल, शुभांगीचं हसू होईल, आणि ते तिला बघायला मिळेल. पण पक्षी तर खरोखरच आला होता. हजारो कोस उडून, वाट चुकून का होईना, तो इथे येऊन राहिला होता. त्याला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

"पाठवते," ती म्हणाली. "नाव कुणाचंही घाल. आणि शुभांगी, यापुढे रविवारी तुझी तू जा."

"इतकं तोडतेस?"

"मी नाही तोडलं," यशोधरा म्हणाली आणि फोन ठेवला. मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन ती आई गेली तेव्हा रडली नव्हती इतकी रडली.

नोंद मान्य झाली. नावं दोघींची लागली. अभिनंदनाचे निरोप आले, ते तिने उघडलेही नाहीत.

एप्रिलमध्ये ती वाडीवर गेली. माळ उघडा पडला होता, नुसते दगड आणि धूळ. चांगुणाबाईने ओट्यावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"भाऊ आहेत का?"

"हायेत घरात," चांगुणाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "पन भाईर येनार न्हाईत. तुमी लांबून येताना दिसला तवाच म्हनले, ताईंना पानी दे, लांबून आल्यात. बाकी काय बोलू नको."

यशोधरा पाणी प्यायली. आत कुणीतरी खाट सरकवल्याचा आवाज आला आणि थांबला. तिने तांब्या खाली ठेवला. मग उठली, दाराकडे बघून "येते भाऊ," म्हणाली. स्कूटर तिने रस्त्यालाच लावली होती; तिथपर्यंत ती पायी चालत गेली.