सतरा नंबरचा सिलिंडर

समुद्राखालचं प्रवाळ बघायला जाणाऱ्यांच्या पाठीवर जी हवा असते, ती तो भरून द्यायचा. तीस वर्षं हेच काम. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची खोली, तिच्यात कॉम्प्रेसर, भिंतीला टेकून पिवळ्या सिलिंडरांची रांग. सगळे त्याला हवावाला म्हणत. "फुकटची हवा विकून पोट भरणारा जगात तू एकटाच," असं बोटवाले चिडवत, आणि तोही हसून मान हलवी.

स्वतः तो कधी पाण्याखाली गेला नव्हता. लहानपणी कान फुटलेला, चार हात खाली गेलं तरी कळ डोक्यात जाई. खालचं सगळं त्याला धाकट्या भावाकडून ऐकून ठाऊक. हरणाच्या शिंगांसारखी प्रवाळाची झुडपं, ती चोचीने कुरतडणारे निळे-हिरवे मासे, आणि त्या कुरतडण्याचा आवाज. "कुणीतरी शेजारी बसून बर्फ चावतंय असं वाटतं बघ, दादा."

धाकटा पाहुण्यांना खाली नेऊन आणायचा. रोज सकाळी सिलिंडर उचलायला आला की नळी तोंडात धरून दोन श्वास घेई, ओठ चाटे आणि विचारी, "दादा, आज हवेत काय कालवलंयस?"

"तुझं डोकं," हा म्हणे.

झालं. रोजचं ठरलेलं.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी धाकटा जिवंत वर आला नाही. साठ फुटांवर त्याने पाहुण्यांना वर जायची खूण केली आणि स्वतः वाळूवर टेकला, दमलेला माणूस पायरीवर टेकतो तसा. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. वय चौतीस. धक्क्यावर आडवा ठेवला तेव्हा त्याचे ओठ लालचुटुक दिसत होते. लोक म्हणाले, झोपलाय असंच वाटतं. हवावाल्यालाही तसंच वाटलं.

कॉम्प्रेसरला दोन तोंडं होती, त्यामुळे सिलिंडर जोडीने भरत. धाकट्याने नेला तो सोळा नंबर. वर आला तेव्हा तो पार रिकामा झाला होता. त्याच्या जोडीचा सतरा नंबर खोलीत तसाच भरलेला राहिला. तो दुसऱ्या कुणाच्या पाठीवर द्यायला हात होईना. हवावाल्याने त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली आणि बाकाखाली सरकवला. तेव्हा नुसती आठवण म्हणून.

पुढे वर्षभराने एक शिक्षक दारातच नवशिक्यांना शिकवत उभा होता. तो सांगत होता, इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरने ओढला तर त्यातल्या विषाला रंग नसतो, वास नसतो. खोल पाण्यात ते जास्तच चढतं. आणि कधी कधी माणसाचे ओठ लाल होतात. हवावाल्याच्या हातातला पाना खाली पडला.

मग त्याला आठवलं. त्या सकाळी वारा फिरला होता. हवा ओढणारा पाइप छपरावर, आणि बरोबर त्याच्याखाली धक्क्याला एक बोट इंजिन चालू ठेवून उभी होती. एरवी धूर समुद्राकडे जाई. विषाला वास नसेल, पण धुराला चव असते. धाकट्याने त्या दिवशीही दोन श्वास घेतले होते, त्या दिवशीही विचारलं होतं. तेव्हा तो हसत होता का? ओठ चाटले होते का? हवावाल्याने तो क्षण हजारदा उलटापालटा करून पाहिला. धाकट्याचा चेहरा काही दिसेना. स्वतःचं उत्तर तेवढं स्वच्छ ऐकू येई. तुझं डोकं.

खरं काय ते बाकाखालच्या सिलिंडरात होतं. उद्या उघडू, असं तो म्हणत राहिला. खोली दोनदा बदलली, तेव्हा सतरा नंबर त्याने स्वतः कडेवर नेला. आठवड्यातून एकदा पुसायचा. भर दुपारी पत्रा तापला की त्याला बाकाखालून कुणीतरी श्वास रोखून बसल्यासारखं वाटे, आणि तो उठून दारात जाऊन बसे.

धाकट्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती वाढली, बापाचंच काम शिकली आणि काकाच्याच दारात सिलिंडर उचलायला येऊ लागली. पहिल्याच दिवशी नळी तोंडात धरून दोन श्वास घेतले आणि म्हणाली, "काका, आज हवेत काय कालवलंयस?"

त्याने सिलिंडर तिच्या हातातून ओढून घेतला, सगळा रिकामा केला आणि नव्याने भरला. बोटीवर पाहुणे खोळंबले. पुढे तिने जेव्हा जेव्हा हे विचारलं, तेव्हा तेव्हा त्याने तेच केलं. "माझा काका थोडा सटकलेला आहे," ती पाहुण्यांना कौतुकाने सांगे, "पण खाली जायचं तर त्याच्याच हवेवर." रात्रीचं जेवण तो भावजयीकडे, त्या दोघी मायलेकींबरोबर जेवी. तेवढंच त्याचं घर होतं.

यंदा धंदा एका नव्या मालकीणबाईंनी घेतला. त्यांनी विषारी वायू मोजायचं यंत्र आणलं आणि जुने सिलिंडर रिकामे करून तपासणीला पाठवायचं फर्मान काढलं. पुतणी यादी घेऊन खोलीत आली, वाकून बाकाखालचा सिलिंडर ओढला आणि पट्टीवरची तारीख वाचून तिथेच खाली बसली.

"काका, हा भरलेला आहे."

"हो."

"ही बाबांची तारीख आहे."

त्याने सगळं सांगितलं. वारा, बोट, पाइप, लाल ओठ. आणि तो प्रश्न. सांगताना तो कॉम्प्रेसरचा पट्टा पुसत होता, आधीच स्वच्छ असलेला.

ती उठली, सिलिंडर उचलून बाहेर वाऱ्यावर नेला, यंत्र लावलं आणि झडप किंचित उघडली. यंत्रावरचा आकडा शून्यावरून चढायला लागला. दहाच्या वर गेला तर सिलिंडर द्यायचा नाही, असा नियम. तो दहाच्या पुढे गेला, पन्नासच्या पुढे गेला. शंभराच्या पुढे गेल्यावर तिने यंत्र काढून घेतलं आणि झडप पूर्ण सोडली.

अकरा वर्षं दाबून ठेवलेली ती सकाळ फुत्कारत बाहेर पडू लागली. जळक्या तेलाची चव हवावाल्याच्या जिभेवर आली. तो पुढे झाला, वाकला, तोंड त्या झोतात नेलं. तिने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

"बास! एक गेला तेवढा पुरे."

आवाज बारीक होत होत थांबला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आईला मी सांगते. तू येऊ नकोस."

त्या दिवशी तो जेवायला गेला नाही. बोलवायलाही कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा सिलिंडर भरून ठेवला होता, पण ती येईल असं त्याला वाटत नव्हतं. ती आली. डोळे सुजलेले. नळी तोंडात धरून दोन श्वास घेतले आणि थांबली.

"काका, आज हवेत काय कालवलंयस?"

ती हसत नव्हती. उत्तराची वाट बघत उभी होती. भरलेला सिलिंडर त्याने तिच्या हातातून घेतला नाही. बाहेर गेला, बोट ओलं करून वर धरलं, धक्क्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, शिडी लावून छपरावर चढला, पाइपापाशी नाक नेलं. खाली उतरला तेव्हा धापा टाकत होता.

"वारा समुद्राकडे आहे. खाली एकही इंजिन चालू नाही. काही कालवलेलं नाही. आत्ता बघून आलो."

तिने मान हलवली. तरी यंत्र लावलंच. शून्य. सिलिंडर पाठीवर घेतला आणि निघून गेली.

बोट प्रवाळापाशी थांबलेली धक्क्यावरून दिसत होती. ती परत येईपर्यंत तो आत गेला नाही.