घामावरची डाळ

नातीला शाळेतून काम दिलंय, कार्बन कमी करायचे दहा उपाय लिहून आणा. तिला मराठी समजतं सगळं, बोलते मात्र हिंदीच. "आजी, आप तो साइंस की टीचर थीं, पॉइंट बताओ ना," म्हणून मागे लागली, अन् खोलीत एसी चालू. मी म्हटलं, पहिला पॉइंट तो बंद कर. ती हसली आणि पांघरूण ओढून बसली. मला राग आला. राग आला की मला गढ्यातली ती खोली आठवते.

गढा म्हणजे इकडच्या हिंदी मुलखातली जुनी वस्ती, तिथे आम्ही भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, एकीच्या मागे दुसरी, आणि खिडकी म्हणाल तर समोरचं दारच. नवरा कटनीला नोकरीवर, रविवारी येणारा पाहुणा. घरात मी, माझे सासरे आणि दगडी कोळशाची सिगडी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. ते आयुष्यभर रेल्वेच्या इंजिनात फायरमन होते. फावड्यानं कोळसा लोटून लोटून छाती अशी झाली होती की खोकला लागला की गल्लीतली मुलं खेळायची थांबत. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, घरातला धूर बंद करा, नाही तर यांचा पुढचा हिवाळा धरू नका. सांगायला त्यांचं काय जातं! गॅसचा नंबर माझ्या लग्नाआधीच लावलेला, तो अजून लागला नव्हता. रेशनचं रॉकेल सकाळच्या पोळ्यांना कसंबसं पुरायचं. मी शाळेत फळ्यावर लिहायची, कोळसा जळला की कोणता वायू होतो, आणि घरी येऊन त्याच कोळशाला पंख्यानं वारा घालायची. जगाची हवा तेव्हा कोणाच्या डोक्यात होती? माझ्यापुढे एका छातीचा प्रश्न होता, आणि त्या खोलीतून ना मला सुटता येत होतं ना त्यांना.

शाळेच्या प्रदर्शनात एक सोलर कुकर आला होता. पत्र्याची पेटी, आतून काळी, वर काच, झाकणाला आरसा, आत चार काळे डबे. प्रदर्शन संपल्यावर तो कपाटावर धूळ खात पडला. मोठ्या बाईंच्या मागे लागून लागून मी तो घरी आणला. घरमालकीण इथलीच, बुंदेली बोलणारी. तिनं पेटीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाली, "अच्छा, तो दाल घाम में पकेगी?"

मी वर्ध्याकडची, नवीनच इकडे आलेली. मला शिसारीच आली. म्हटलं, बाप्पा, घामात काहून शिजवतील डाळ? मामाजी इतके हसले, इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, "सूनबाई, इकडे घाम म्हणजे ऊन. आपण जिंदगीभर घाम गाळून पोट भरलं. आता घामावर डाळ शिजवून पाहू."

तेव्हापासून आमच्या घरी ती घामावरची डाळ झाली. सकाळी शाळेत जायच्या आधी मी डाळ-तांदूळ धुवून डबे भरून पेटी गच्चीवर ठेवायची. दर अर्ध्या तासानं ती उन्हाकडे फिरवावी लागे, ते काम मामाजींचं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचे, उठायचे, पेटी सरकवायचे, आरसा नीट करायचे. मी आली की सांगायचे, "प्रेशर चांगलं धरून राहिलं आज." प्रेशर इंजिनात, पेटीत कशाचं डोंबलाचं, पण मी मान हलवायची. गल्लीतल्या बायका बोलायच्या, मास्टरनीनं म्हाताऱ्याला घामात जुंपलं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? त्यांचा खोकला कमी झाला होता, मला तेवढं पुष्कळ होतं. दुपारी शाळेतून येताना गल्लीच्या वळणावर आरशाची तिरीप डोळ्यावर यायची. ती आली की मी समजायची, जेवण तयार आहे.

मग श्रावणात झड लागली. आता लागते तशी नाही, आता तर सगळं पाणी एका दुपारी कोसळतं आणि चार दिवस पुन्हा काहिली. तेव्हाची झड म्हणजे पाच-सहा दिवस सूर्य नाही. तिसऱ्या दिवशी रॉकेल संपलं. मी हट्टाला पेटली, सिगडी पेटवायची नाही म्हणजे नाही. भिजवलेले पोहे खाल्ले, फुटाणे खाल्ले. चारी भिंतींना ओल, दारात पाणी, आणि आम्ही दोघं एकमेकांचं तोंड पाहत बसलेलो. पाचव्या दिवशी मी शाळेतून चिंब भिजून आली तर दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. घरमालकिणीनं आणि मी धक्के मारून कडी उखडली. आत सिगडी लालबुंद, तिच्यावर चहाचं भांडं, आणि मामाजी भिंतीला टेकून बसलेले. डोळे उघडे, पण मला ओळखेनात. आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून ओढत अंगणात नेलं. पावसात बराच वेळ बसवल्यावर ते शुद्धीवर आले.

"काहून केलं असं?" मी विचारलं.

"तू भिजून येऊन राहिली होतीस," ते म्हणाले. "घोटभर गरम चहा पाहिजे ना. पाणी आत येत होतं, म्हणून दार लावलं."

ज्या माणसानं जन्मभर कोळसा जाळला, त्याला बंद खोलीतली सिगडी काय करते हे मी सांगायला पाहिजे होतं? मी तोंडाला येईल ते बोलली त्यांना. ते खाली मान घालून ऐकत होते. मग आत गेली आणि तो चहा प्यायली, रडत रडत प्यायली. दुसऱ्या दिवशी सिगडी भंगारवाल्याला दिली.

हिवाळा आला तेव्हा कळलं, धुराबरोबर मी उबेचंही दार लावून घेतलं होतं. त्या वर्षी थंडी मरणाची. मामाजी दोन स्वेटर घालून कुडकुडायचे. एकदाच म्हणाले, "सूनबाई, थोडा शेक मिळाला असता तं..." मी म्हटलं, शेक नाही मिळायचा, धुरानं मराल. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. ऊन गच्चीवर उतरलं की पेटीशेजारी जाऊन बसायचे, आता सावली सोडून उन्हातच.

पौषातल्या एका दुपारी वळणावर तिरीप आली नाही. आभाळ तर निरभ्र होतं. मी पायऱ्या कशा चढली मला आठवत नाही. मामाजी कानटोपी घालून टाकीला टेकून बसले होते, एक हात पेटीवर. आरसा अजून पूर्वेकडे तोंड करून होता, सकाळी मी ठेवला तसाच. त्यांच्या हाताला हात लावून पाहिला, गार होता.

खाली हाक मारायच्या आधी मी पेटी उन्हाकडे फिरवली. काहून फिरवली, मला आजही सांगता येत नाही. आमच्यात ज्या घरी माणूस जातं, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. आमच्याही घरी पेटली नाही. त्यांना नेल्यावर मी गच्चीवर गेली आणि काच उचलली, तर डाळ शिजलेली होती.