नाताळची आजी

आजी परदेशात आली होती लेकीच्या बाळंतपणाला, सहा महिन्यांसाठी. ते बाळ आता शाळेत जातं, पडलेल्या दातांच्या फटीतून शिट्ट्या वाजवतं, आणि आजी अजून तिथेच आहे. कुणी विचारलंच, "आजी, परत कधी?" तर म्हणायची, "बाळंतपण जरा लांबलंय हो!" की सगळे पोट धरून हसायचे. आजीचं बोलणंच तसं. रडायची गोष्टसुद्धा ती अशी सांगायची की समोरच्याला हसू फुटावं. आयुष्यभर या गुणाचं कौतुक झालं बिचारीचं. गुण कधी कधी अंगाशी येतात, हे कुणी सांगितलं नव्हतं तिला.

तिकडे गावी आजीचं स्वतःचं जग होतं. दोन भाड्याच्या खोल्या, तीन शिवणमशीनी आणि धाकटी बहीण. आजीचा नवरा लवकर गेला, धाकटीने लग्नच केलं नाही, मग दोघींनी मिळून शिवणक्लास काढला. धाकटीने कापायचं, हिने शिवायचं. धाकटी कात्री चालवताना एक अक्षर बोलायची नाही आणि ही पायाने मशीन आणि तोंडाने गप्पा, दोन्ही एकदम चालवायची. गावातल्या निम्म्या पोरी काजं-हुकं यांच्याकडे शिकल्या. भांडायच्या तर अशा, की शेजारीण वाटीभर साखर मागायला आलेली तशीच परत जायची. पण जेवायला बसायच्या एकत्रच.

गेल्या वर्षापासून धाकटीचं बिनसलं होतं. आधी कात्री कुठे ठेवली ते आठवेना, मग गॅस बंद केला की नाही ते. व्हिडिओ कॉल लावला की ती फोन कानाला लावायची, म्हणजे आजीला दिसायचा नुसता एक कान आणि पांढऱ्या केसांची बट. "अगं, तोंड दाखव की! कानाशी काय बोलू?" असं आजी ओरडायची. मग कान म्हणायचा, "ताई, बाही उलटी लागली गं. तू येऊन बघ." अलीकडे तर शेजारीण सांगत होती, ती विचारते म्हणे, मशीनवर बसायची ती जाडी बाई कुठे गेली? डॉक्टर म्हणाले होते, रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस सगळ्यांत शेवटी पुसलं जातं. आजीने ते वाक्य मनात घट्ट धरलं. आता गेलं तर ओळखेल. उशीर केला, तर गेलं काय आणि न गेलं काय.

पण जाणार कशी? लेकीकडे विषय काढला की लेकीचं उत्तर तयार. नातीची शाळा सुरू होतेय, जावयाचं ऑफिस बदलतंय, आणि दिवाळी संपली की, "आता नाताळ तोंडावर आलाय आई, तुझ्याशिवाय कसा होणार?"

हे नाताळाचं लचांड आजीच्या गळ्यात कसं पडलं, ते ऐका. पहिल्याच वर्षी इथल्या शाळेतल्या बाईंनी पोरांना चित्र काढायला सांगितलं, नाताळातलं आजीचं घर. तिथल्या लोकांत त्या दिवशी सगळे आजी-आजोबांकडे जमतात. आपल्या मराठी लोकांतल्या एका पोराने काढला मोबाइल, आणि मोबाइलमध्ये आजी. बाईंना वाटलं, पोराला चित्र समजलं नाही. पोराची आई ते चित्र घेऊन आजीच्या लेकीकडे आली आणि भडाभडा रडली. आजी म्हणाली, "रडतेस काय? आण त्याला माझ्याकडे. मी काय एकट्या नातीची आहे? सगळ्यांची आजी!" झालं. तो एक आला, पुढच्या वर्षी दहा आले, आता तर आपल्या लोकांतलं एक घर सुटत नाही. पाचव्या मजल्यावरची लिफ्ट त्या दिवशी दमून जाते.

आणि नाताळ तरी कसा? हॉलमध्ये झाड, झाडाला दिवे, चांदण्या, आणि आपल्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी लावलेली लिंबू-मिरची, झाडाला नजर लागू नये म्हणून. पोरांच्या भेटींसाठी मोजे टांगायचे, ते आजीने जुन्या साड्यांचे शिवलेले, काठ वरच्या बाजूला. झाडाशेजारी खुर्ची, खुर्चीत आजी. पोरांनी रांगेने यायचं, वाकून नमस्कार करायचा, आशीर्वाद घ्यायचा, मग मोजा. जावई लाल झगा घालून, पांढरी दाढी लावून, पोटाला उशी बांधून यायचा. पण नाताळबाबा झाला तरी सासू ती सासूच! भेटी वाटण्याआधी नाताळबाबाने आजीच्या पाया पडायचं, अशी रीतच पडली होती. तो वाकला की दरवर्षी उशी घसरून गुडघ्यांवर यायची आणि पोरं किंचाळायची. शेजारचा म्हातारा एकदा बघायला आला, तर नाताळबाबा पाया पडतोय हे पाहून दारातच थिजला.

छान होतं सगळं, कोण नाही म्हणतं? पण सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घेता येते का?

या वर्षी आजीने ठरवलं. एकटीने सांगितलं की लेक विषय गुंडाळते, तेव्हा चार लोकांत सांगायचं. माणसांसमोर बोललेला शब्द मागे घेता येत नाही. तिने बॅग भरली. धाकटीसाठी मऊ गाउन शिवला, पुढून बटणांचा, म्हणजे तिला स्वतःचा स्वतः घालता येईल. गेले काही दिवस धाकटीचा फोन लागत नव्हता. "तिकडे रेंज नसेल आई," असं लेक म्हणाली होती.  रात्री पडल्या पडल्या ती बोलायचं वाक्य घोकत होती.

नाताळच्या दुपारी घर माणसांनी फुलून गेलं. आजी खुर्चीत बसली. नाताळबाबा आला, वाकला, उशी घसरली, पोरं किंचाळली. आजी बोलायला तोंड उघडणार, तोच नाताळबाबाने टाळ्या वाजवल्या.

"थांबा, थांबा! दरवर्षी आई सगळ्यांना देतात. या वर्षी पहिली भेट आईंना!"

लेक पुढे आली. तिचे डोळे चमकत होते. "आई, तुझ्या इथे कायमच्या राहण्याचे कागद आले. आता परत जायची टांगती तलवार नाही."

टाळ्या. शिट्ट्या. अध्यक्षीणबाईंनी तर डोळे पुसले.

"आणि मावशीची काळजी करू नकोस," लेक म्हणाली. "तिला एका चांगल्या संस्थेत ठेवलंय. चोवीस तास नर्स असते. याच आठवड्यात हलवलं. तुला सांगितलं नाही, म्हटलं एकदमच चकित करू."

आजीला आधी समजलंच नाही. मग हळूहळू समजलं, एकेक टाका उसवावा तसं.

"आणि खोल्या?" तिने विचारलं.

"मालकाला परत केल्या."

"मशीनी?"

"त्या दिल्या गं वाटून. जुनाट झाल्या होत्या. तुला इथे नवी घेऊ, मोटरची."

लेकीच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की आजीला तिच्यावर रागवायलाही जागा सापडेना. कुणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

"मला घरी जायचंय," आजी म्हणाली.

हॉलभर हशा पिकला. "आजी, घरीच तर बसलाय की!" कुणीतरी ओरडलं. "रांग लागायच्या आधीच कंटाळल्या!" जावई दाढी सावरत हसला. सवयच होती ना सगळ्यांना. आजी बोलली म्हणजे हसायचं.

आजीने खुर्चीचे हात घट्ट धरले. "हसू नका. मी खरं बोलतेय. मला धाकटीकडे जायचंय. ती मला विसरायच्या आत जायचंय. तुम्ही मला विचारलं का? एकदा तरी कुणी विचारलं?"

आवाज कापला तिचा. हा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. हसू जिथल्या तिथे गोठलं. पोरं आयांच्या मागे सरकली. आणि लेकीचं तोंड पाहता पाहता वाकडं झालं, लहानपणी फ्रॉक फाटला की व्हायचं तसं. ती तिथेच, सगळ्यांसमोर, ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊ लागली. "वर्षभर धावपळ केली गं आई... तुझ्यासाठीच केली..." नात घाबरून आईला बिलगली.

आजीने लेकीकडे पाहिलं. आई ती आई, काय करणार?

तिने हात पुढे केला, लेकीला ओढून जवळ घेतलं, पदराने तिचे डोळे पुसले. "अगं वेडे," ती म्हणाली, "गंमत केली. एवढी मोठी झालीस तरी आईची गंमत कळत नाही होय तुला?"

"आई! असली कसली गंमत!" लेक रडता रडता हसली. हॉलभर माणसांचा जीव भांड्यात पडला. "आजी म्हणजे ना, ऐकत नाहीत!" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. जावयाने उशी वर ओढून घट्ट बांधली.

"चला, रांग लावा रे," आजी म्हणाली. पहिलं पोर वाकलं. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिकडे दूर, कुठल्यातरी अनोळखी खोलीत, धाकटी नर्सबाईला विचारत असेल, ताई आली का. आणि त्या नर्सबाईला ठाऊकही नसेल, ताई कोण ते.