लाल दोऱ्याची बाटली

"फुलवाल्या बाईंनी आपले डोळ्यांचे थेंब हेडमास्तरांना दिले, आणि हेडमास्तर मरता मरता वाचले."

आमच्या कॉलनीत ही हकिगत तीन वर्षे अशीच सांगितली जाते. परवा बाईंच्या तेरवीलाही मांडवात ती सांगितली गेली, आणि वर "पण मनाने चांगल्या होत्या हो" अशी मखलाशीही झाली. ते हेडमास्तर म्हणजे मी. ही हकिगत खोटी आहे. ती सांगणाऱ्यांपैकी त्या सकाळी तेथे कुणीही नव्हते. मी होतो.

बाईंना तुम्ही पाहिले असेलच. पातूर रस्त्याला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा आणि अकोल्यात आमच्या फाटकाशी टोपली. त्यांना काचबिंदू होता. सकाळी आठच्या ठोक्याला त्या लोट्यातल्या पाण्याने हात धूत, मान मागे टाकून खालची पापणी बोटाने ओढत आणि तेथे झालेल्या इवल्याशा खोबणीत एक थेंब सोडत. बाटलीचे टोक डोळ्याला कधी टेकले नाही. मग डोळे मिटून, नाकालगतचा कोपरा बोटाने दाबून त्या स्वस्थ बसत. गिऱ्हाईक ताटकळले तरी उत्तर ठरलेले असे.

"डोये बंद, तं दुकान बंद."

"आणि कुणी फुलं उचलून नेली तर?" मी एकदा विचारले.

"नेली तं नेली. फुलं उद्या बी येतीन गुरुजी, डोये नाई येनार."

औषधे दोन होती. एका बाटलीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. पहिल्या थेंबानंतर एक अख्खा गजरा ओवून होई, तेव्हाच दुसऱ्याची पाळी. बाटली उघडल्याची तारीख त्या तिच्यावरच लिहीत, आणि महिना झाला की औषध उरलेले असले तरी टाकून देत. एका बाईने विचारले, इतके थेंब घालता, पण दिसण्यात काही फरक पडला का? त्या म्हणाल्या, "हे थेंब नवीन काई दाखवत नाई, माय. दिसून राहिलं तेवढं सांभायते." काचबिंदूविषयी याहून नेमके वाक्य मी दवाखान्यातही ऐकलेले नाही.

मलाही काचबिंदू आहे, आणि लहानपणापासून दमा आहे. त्या शनिवारी माझी बाटली संपली. दुकानदार म्हणाला, सोमवारी येईल. रविवारी आठ वाजता मी टोपलीपाशी उभा राहिलो.

"बाई, तुमचा एक थेंब द्या."

"नाई."

"अहो, आजार एकच. मग औषध वेगळे कसे असेल?"

"बिमारी एक, पन मानूस एक नाई ना! तुमाले दमा हाये. डॉक्टरनं ते पाहूनच तुमची बाटली येगळी देली असन. फोन लावा, त्याइले इचारा."

"एका थेंबाने काय होते?"

"एका थेंबानं काई होत नसतं, तं डॉक्टर रोज एकच काहून सांगते?"



त्यानंतर अर्ध्या तासात घरी माझा श्वास कोंडला. मुलाने ऑटोत घालून दवाखान्यात नेले. तेथे माझ्या खिशातून लाल दोऱ्याची बाटली निघाली. तो दोरा अवघ्या कॉलनीच्या ओळखीचा होता, त्यामुळे निकाल तेथल्या तेथे लागला. औषधाचा दुकानदार मात्र आजही म्हणतो, डोळ्यातला थेंब छातीत कसा जाईल, वयाचा परिणाम असेल. तोही चुकतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून थेंब नाकात उतरतो आणि तेथून अंगात भिनतो. तो अंगात कमी जावा म्हणूनच बाई कोपरा दाबून बसत. त्यांच्या औषधाने दमेकऱ्याची श्वासनलिका आवळते. हे डॉक्टरांनी मला कठोर शब्दांत ऐकवले, आणि ते योग्यच होते.

दुपारी बाई दवाखान्यात आल्या. माझा मुलगा कडाडला, "मावशी, तुम्हाला कळायला नको? माझ्या बापाचा जीव गेला असता!"

माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्या खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलंच माह्यं."

संध्याकाळी मास्क निघाला. मी बोललो नाही. पुढे कित्येक दिवस कॉलनीने हार चौकातून आणले. बाई आठला येत, थेंब घालत, आणि न खपलेली फुले घेऊन परत जात. अखेर मी त्यांना गाठले आणि म्हणालो, उद्या सर्वांसमोर सांगतो.

"राहू द्या गुरुजी. अर्ध्या कॉलनीचे लेकरं तुमच्या हाताखालून गेले. त्याइले काय सांगान?" त्या हसल्या. "फक्त आपली बाटली संपायच्या आठ दिस आधी आनत जा." मग माझी नवी बाटली मागून घेऊन त्यांनी तिला हिरवा दोरा बांधला.

मी तो दोराही स्वीकारला आणि ते मौनही. तीन वर्षे.

बाई हृदयविकाराने गेल्या. डोळे शेवटपर्यंत शाबूत होते. मी डावीकडून आलो तरी मान न वळवता "या गुरुजी" म्हणत. आता फाटकाशी टोपली नाही, आणि त्यांनी मनाई केलेली गोष्ट सांगण्यापासून मला अडवणारेही कुणी नाही. बाईंनी दिली नाही, तर बाटली तुमच्या खिशात कशी, असे मांडवात मला विचारले गेले. उत्तर लिहून देतो, म्हणजे पुन्हा कुणी फिरवणार नाही. मला नकार दिल्यावर त्यांनी आपला थेंब घातला, बाटली टोपलीच्या काठाशी ठेवली आणि नाकालगतचा कोपरा दाबला. मी ती उचलली तेव्हा बाईंचे डोळे मिटलेले होते.