बाळगोळी आणि शाळेचा फळा

सुमनने कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बाई, हे गर्द हाय का?"

पुडीत मोहरीहून जरा मोठ्या, काळ्या, चिकट गोळ्या होत्या. एक हातात घेऊन वास घेतला. गर्द नव्हतं. अफू होती.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कर्जत तालुक्यात, कडावच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी मेडिकल ऑफिसर होते. मुंबईत तेव्हा गर्दने धुमाकूळ घातला होता. गर्द म्हणजे हेरॉइनची भेसळीची, तपकिरी पूड. वरून ऑर्डर आली की गावोगाव प्रचार करा. मी हायस्कूलमध्ये तासभर भाषण ठोकलं. गर्द तिथे कोणी बघितलंही नव्हतं, पण दहावीच्या मुलांनी जोरात मनावर घेतलं आणि व्यसनविरोधी मंडळ काढलं. सुमन त्याची प्रमुख. अभ्यासात हुशार, आवाज खणखणीत, कुणाच्या बापाला न भिणारी.

मंडळाने एक नियम केला होता. ज्याच्या घरी नशेची वस्तू सापडेल, त्याचं नाव शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर लिहायचं. मला विचारायला आले तेव्हा मी म्हटलं, वा, छान कल्पना. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे. दोन दारुड्यांची नावं झळकली. एकाने फाटकात उभं राहून पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मंडळाला आणखीच हुरूप आला.

"कुठे मिळाली ही पुडी?" मी सुमनला विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "आमच्याच घरी. मधल्या सुट्टीत जेवायला गेले. बारका सकाळपासून झोपलाय. हलवला तरी उठत नाय."

बारका म्हणजे तिचा चार महिन्यांचा भाऊ. मी खुर्ची सरकवून उठलेच. केंद्राची जीप चौक गावच्या गॅरेजात पडली होती. मी आणि सिस्टर अक्षरशः धावत गेलो. शेजारची म्हातारी ओट्यावर बसून म्हणत होती, गुणाचं लेकरू, आवाज नाय की काय नाय.

पोराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. श्वास इतके सावकाश की दोन श्वासांच्या मध्ये माझाच जीव टांगणीला लागत होता. अफू श्वासच मंदावते, खरा धोका तो. तिच्यावरचं उताऱ्याचं इंजेक्शन आमच्याकडे नव्हतं. पोराला उचलून केंद्रात आणलं. ऑक्सिजन लावला, आणि अंबू बॅग घेतली. तोंडावर मास्क धरून हाताने दाबायचा रबरी फुगा, त्याला अंबू बॅग म्हणतात. मी फुगा दाबायचा, सिस्टरने तळव्यांना टिचक्या मारायच्या. तेवढ्यात आई आली, पोटरीपर्यंत चिखल. भाताची लावणी सोडून तशीच पळत आली होती.

मी वैतागलेली होते. नको ते बोलले. आई आहेस की कोण, असंही बोलले.

साडेचारच्या सुमाराला पोराने तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. सिस्टर रडायला लागली. मलाही भरून आलं, लपवायचं कशाला.

मग पोराची आई बोलली. "बाळगोळी हाय ती, बाजारात मिलते. माझ्या आयनं मला दिली, मी हाय ना जित्ती? आज रडत व्हता म्हनून दोन दिल्या. तुमी सांगा बाई, दिसभर चिखलात वाकायचं, पोराला ठेवायचं कुठं? सुमी घरी राह्यली असती तर गोळी कशाला दिली असती? तिची शाळा बुडू नाय, म्हनून दिली."

सुमन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. तासभर भाषण ठोकणारी मी, पण बाळगोळी हा शब्द त्यात एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी मंडळाची बैठक झाली. मी मुद्दाम गेले. मला सांगायचं होतं की नावं लिहाल तर बायका गोळ्या लपवतील, आणि पोर निपचित पडलं तरी माझ्याकडे आणणार नाहीत. पण मला बोलायची पाळीच आली नाही. दिलीप नावाचा मंडळाचा चिटणीस खडू घेऊन उभा होता. नियम तो नियम, सुमनच्या आईचं नाव लिहायचं, असं त्याचं म्हणणं.

सुमन उठली. "लिव. पन आयचं नको, माजं लिव. माझ्या शाळेपायी दिली तिनं."

दिलीपने खडूकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. मग खडू खिशात टाकला आणि हातानेच फळा पुसला. दारुड्यांची नावंही गेली.

पुढचं सगळं पोरांचं डोकं. शाळेच्या मागच्या पडवीत वाशांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. वाकता येत नाही म्हणून घरी बसलेल्या दोन आज्या राखणीला बसवल्या. नववी-दहावीच्या मुलांनी पाळ्या लावल्या, मुलगेसुद्धा. झोका देता देता दिलीपचं भूगोलाचं पाठांतर चाले. पोर फार रडलं की कुणीतरी बांधावरून आईला हाक मारी. ती हातपाय धुऊन यायची, पाजायची, परत जायची. सुमनच्या आईने बारक्याला पहिल्याच दिवशी आणून ठेवलं आणि उरलेली पुडी माझ्या हातात दिली. बाकीच्या बायका आठवडाभर लांबून बघत होत्या. मग एकेक येऊ लागल्या.

महिन्याने अलिबागहून जिल्हा आरोग्य खात्याचे साहेब आले. रिपोर्टचा फॉर्म पुढे केला.

"गर्दचे रुग्ण किती?"

"निरंक."

"मग पोरांनी कार्यक्रम केला कशाचा?"

"झोळ्या बांधल्या, सर."

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. झोळ्यांसाठी रकाना नव्हता. 'इतर' मध्ये लिहा म्हणाले, चहा प्यायले आणि गेले.

या प्रकरणातून मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही बाईला 'हे बंद कर' म्हणण्याआधी, बंद केल्यावर ती दिवसभर काय करणार ते विचारायचं. उत्तर नसेल तर भाषण द्यायचं नाही. माझी पुष्कळ भाषणं त्यामुळे वाचली, लोकांचीही सुटका झाली.

पुढच्या वर्षी लावणीत हेडमास्तर तणतणत केंद्रात आले. म्हणाले, डॉक्टरबाई, पडवीत अकरा पोरं एकदम रडतात, मला गणिताचा तास घेता येत नाही.

मी म्हटलं, "सर, घसा जरा मोठा करा. जागी आहेत म्हणून रडतायत."