खड्ड्यातलं गुंतवळ

माले गावात सगुणाबाईइतकी संशयी बाई दुसरी नव्हती. दुकानातून आणलेलं मीठसुद्धा ती आधी जिभेवर ठेवून बघे. ग्रामसेवकानं चावडीपुढे बायका जमवून कंपोस्टचा खड्डा समजावला, तेव्हा शेण, पेंढा, पालापाचोळा इथवर ऐकून ती उठलीच.

"शेन खड्ड्यात घातलं, तर भाताच्या रोपाआधी राबाला काय जाळायचं? सरकारला आमच्या शेनाशी काय करायचंय?"

खड्डा तरीही झाला. धाकटी जाऊ रत्नाबाई शेवटपर्यंत ऐकून आली आणि तिनं तो नवऱ्याकडून खणून घेतला. जावांच्या चुली वेगळ्या झाल्या असल्या तरी परसदार एकच होतं.

एक दिवस पाचोळा टाकायला गेलेल्या सगुणाबाईला खड्ड्यात केसांचं गुंतवळ दिसलं. शेजारी अंड्याची टरफलं आणि एक काळं पडलेलं लिंबू. विंचरलेले केस कुणी फुकट टाकतं होय? दारावर येणाऱ्या वैदिणीला दिले की सुया मिळतात, बिब्बे मिळतात. ही करणीच! घरात सून पहिलटकरीण, आणि रत्नाबाईची कूस रिकामी. आणखी पुरावा कशाला हवा?

रत्नाबाई सुनेसाठी काहीबाही करून पाठवायची. कधी धिरडी, कधी गुळाच्या दशम्या. सगुणाबाई तोंडभर हसून घ्यायची आणि सुनेच्या नजरेस पडायच्या आत खड्ड्यात लोटून वर पाचोळा ओढायची.

"धाकल्या आत्याबाईंनी काय धाडलं न्हाई व्हय?" पोर आशेनं विचारायची.

"न्हाई." मनातून सगुणाबाईला वाईट वाटे, पण भीती त्याहून मोठी होती.

अखेर एका सकाळी रत्नाबाई फणीतले केस खड्ड्यात टाकताना तिच्या तावडीत सापडली.

"माज्या सुनेवर करनी करतीस व्हय गं, रत्ने?"

रत्नाबाई तिच्याकडे बघतच राहिली. "करनी? आक्का, ग्रामसेवकच म्हनला, केस कुजत्यात, टरफलं कुजत्यात, नासकं लिंबूबी कुजतं. तुमी मदीच उठून गेल्या."

रत्नाबाईनं खोरं उचललं आणि रोजच्यासारखं खत वरखाली करू लागली.

"आनि शिजलेलं टाकू नका म्हनला हुता. कुत्री येत्यात."

खोऱ्यावर बुरसटलेली एक दशमी आली.

"पयल्यांदा धिरडं दिसलं, तवा वाटलं, पोरीला आवडलं नसंल. म्हनून दशम्या केल्या. त्याबी हितंच दिसल्या."

सगुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं डोळ्याला पदर लावला. "चल, आज काय केलंयस ते मला वाढ. आदी मी खाती."

रत्नाबाईनं दशमी परत पाचोळ्याखाली सारली.

"आज काय बी केलं न्हाई, आक्का."