उतारावर हाक मारणारी गाडी

"मेस्त्री, गाडी विकायची न्हाय आनि मोडायचीबी न्हाय. ती कुणाच्या आवाजात वरडतीया, तेवढं सांग."

खानापुरात गॅरेज चालवताना तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली, पण असं विचारणारं हे पहिलंच. गुंजीकडच्या एका गावातल्या या आक्का. सोबत धाकटा मुलगा सुनील, बेळगावात कारखान्यात कामाला. रोज याच मोटारसायकलवरून ये-जा. गाडी मूळची थोरल्याची, महादेवची. पोटाच्या दुखण्यात त्याला जीपमधून दवाखान्यात नेत होते, तेव्हा जंगलातल्या ओढ्याच्या उतारावर आक्कांच्या मांडीवरच तो गेला. जाताना त्यानं "आये" म्हणून हाक मारली. आता त्याच उतारावर गाडी तशीच हाक मारते, असं आक्कांचं म्हणणं.

"आनि मी मागं बसले तरच. ह्यो एकटा असला की गप."

मी सुनीलकडे बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "खरं हाय अण्णा. कुणीतरी पुढचं चाक धरल्यागत हुतंय. परवा आईला घेऊन पडता पडता वाचलो."

भुताखेतांच्या गोष्टींवर माझं डोकं फिरतं. पण पोरगं खरोखर घाबरलेलं होतं. मी गाडीपाशी बसलो.

पुढचा टायर कंपनीच्या मापापेक्षा जाड होता. गावचा रस्ता कच्चा, जाड टायर बरा, असं दुकानदारानं सांगितलं आणि यानं घातला. आजकाल हे एक खूळच झालंय. मापाचा टायर घातला तर माणसाला चैन पडत नाही. जाड टायर आत मावेना म्हणून मडगार्डखाली वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घालून मडगार्ड वर उचललेला. आणि मडगार्डच्या माथ्यावर, बोल्टनं आवळून, घोड्याची काळी नाल.

"ही कशाला?"

"मामानं लावली. टायर घातल्यावर त्या उताराला बारीक कुरकुर यायला लागली. मामा म्हणाला बाहेरची बाधा हाय, नाल लाव."

"मग?"

"मग मोठ्यानं वरडायला लागली," आक्का म्हणाल्या. "महादेवला नाल आवडली न्हाय."

स्टँडवर चाक फिरवलं, मोकळं फिरलं. एकटाच उतारावर जाऊन आलो. भर दुपार, पण तिथली झाडी अशी की ऊन रस्त्यापर्यंत पोचत नाही. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. कचकन ब्रेक दाबला. काही नाही. परत येताना मी दोनदा मागं वळून बघितलं. का ते मला विचारू नका.

मग शॉकअपच्या दांड्याला एक दोरा घट्ट बांधला. शॉकअप म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूचे, खड्ड्यात दबणारे पाय. दबले की दोरा वर सरकतो आणि तिथंच राहतो. किती दबले ते कळतं.

"गंडा बांधलास व्हय?" आक्कांनी विचारलं.

"आमच्या धंद्यातला गंडा. बसा मागं. बगू कोण वरडतंय ते."

सुनील "नको अण्णा" म्हणत राहिला. उतार आला. आक्कांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. मी हळूहळू ब्रेक दाबत गेलो. गाडीनं पुढं मान घातली आणि ओरडली. लांब, रडवेली, शेवटाला तुटलेली ती हाक होती. मलाही ती "आये" अशीच ऐकू आली, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हँडलाला हिसका बसला. कशीबशी गाडी थांबवली.

"ऐकलंस?" आक्का कानाशी म्हणाल्या. त्यांचा आवाज घाबरलेला नव्हता. उलट त्यात आनंद होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

खाली उतरून बघितलं. दोरा वरच्या टोकाला जाऊन भिडला होता. नालेच्या काळ्या रंगावर ताजा पांढरा ओरखडा. उत्तर समोर होतं. शॉकअपच्या दोन्ही पायांना धरणारी जी आडवी पट्टी असते, तिला आम्ही टी म्हणतो. दोन माणसांचं वजन, उतार, ब्रेक, त्यात शॉकअपची स्प्रिंग ढिली पडलेली, तेल गळून गेलेलं. चाक वर जायचं, नाल टीवर आपटायची, टी मडगार्डला खाली दाबायची आणि मडगार्ड फिरत्या टायरवर घासायचा. बोट आत घातलं तर नालेच्या बोल्टानं टायरला खोल चर पाडलेला. आणखी काही दिवसांत टायर तिथंच फुटला असता, खाली ओढा.

गॅरेजला आल्यावर मापाचा टायर घातला. वायसर काढून मडगार्ड जागेवर बसवला. स्प्रिंगा, तेल, सील बदलले. नाल काढून आक्कांच्या हातात दिली. पुन्हा त्यांना मागं बसवून उतारावर नेलं, दोनदा नेलं. गाडी गप.

"गेला आवाज," मी जरा फुशारकीनंच म्हणालो.

आक्कांनी झाडीकडे बघितलं. मग नाल पुढं केली. "मेस्त्री, ही परत लाव की रं."

सगळं समजावून सांगितलं होतं, त्यांना समजलंही होतं. तरी मागत होत्या.

"आक्का," मी म्हणालो, "लावली तर धाकटाबी त्याच वाटंनं जाईल."

जरा कठोरच बोललो. त्या रडल्या नाहीत. गॅरेजला परत आल्यावर सुनीलच्या मागं बसताना त्याची कॉलर सारखी केली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या रस्त्यानं चल. त्या गप उतारावरनं नको. लांब पडला तर पडू दे."

टायर गाडीच्या मापाचाच घाला. जाड घालायचाच असेल तर मागं माणूस बसवून, शॉकअप पुरते दाबून वर किती जागा उरते ते आधी बघा. आणि बाधेवर जे काही लावायचं ते घराच्या चौकटीला लावा, चाकाच्या वर नको.